चलनात न आलेली नाणी

निफाड परिसरात लक्ष्मीपूजनाच्या ताटात राणीछाप किंवा राजाछाप रुपया आजही मांडला जातो. अशा घरात कधी एखादे निराळेच नाणे हाती लागते. नक्षी ओळखीची, पण धातू वेगळा. नाहीतर एक बाजू साफ कोरी. हे ‘चाचणी नाणे’ तर नव्हे, अशी आशा मग बळावते.

नवे नाणे काढण्यापूर्वी टांकसाळ मोजके नग पाडून पाहते. ठसा नीट उठतो का, धातू दाब सोसतो का, कड सुबक येते का, हे त्यातून कळते. मंजुरीसाठी पाडलेले ते नमुना नाणे. केवळ ठसा तपासायचा तर तो मऊ धातूवरही मारतात. काम झाले की बहुतेक नग वितळवले जात. उरलेल्या थोड्यांवर संग्राहकांची नजर असते.

ब्रिटिश अमदानीच्या अखेरच्या चाळीस वर्षांत प्रयोगांना तोटा नव्हता. १९०७ मध्ये तांबे-निकेल मिश्रधातूचा नागमोडी कडेचा आणा आला. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली. चाचणीत हे कोणाला कसे दिसले नाही, याचे नवलच वाटते. बहुतेक नाणी वितळवून १९१२ मध्ये नक्षी सुधारण्यात आली. १९४० मध्ये रुपयातील चांदी सुमारे ९२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर घसरली आणि बनावटीला आळा म्हणून कडेला खास खाच आली. १९४३ मध्ये धातू वाचवणारा भोकाचा पैसा निघाला. महायुद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी फेडायची होती. म्हणून १९४६-४७ मध्ये वाघाचे चित्र असलेली निकेलची नाणी आली.

खरी फसगत पुढे आहे. मुंबईची टांकसाळ १९७० पर्यंत जुन्या ठशांवरून संग्राहकांना नाणी पुन्हा पाडून देत असे. ती अस्सल टांकसाळीची, पण चाचणीची नव्हेत. किमतीत मोठे अंतर पडते. त्याखेरीज निव्वळ नकला आहेतच. वजन, व्यास व कड मोजावी. निकेलला लोहचुंबक लावून पाहावा. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रिडमोर यांच्या सूचीत नोंद शोधावी. नाणे मात्र चिंच लावून घासू नये. नाशिकजवळ अंजनेरीला डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने नाणेसंशोधन संस्था उभी राहिली, हे जिल्ह्यातील संग्राहकांचे भाग्यच.

‘जुने नाणे द्या, लाखो मिळवा’ अशा जाहिरातींत रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून आगाऊ शुल्क मागितले जाते. आपण असा व्यवहार करत नाही, असे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. शिवाय १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षे पुरी झालेले नाणे पुरावस्तू ठरते. १९११ चा तो ‘डुक्कर रुपया’ आता परदेशातील गिऱ्हाईकाला परस्पर पाठवणे हा गुन्हा आहे.