खरकट्यावर धावणारी बस

रात्री इंदूरच्या सराफा बाजारात खवय्यांची झुंबड उडते. भुट्ट्याचा कीस, गरमागरम जिलब्या! माणसं पोट भरून घरी जातात आणि मागे उरतं खरकटं. त्या खरकट्यावर बस धावेल का? अहो, धावते!

इंदूरजवळ देवगुराडियाला 2022 साली एक भलामोठा प्रकल्प सुरू झाला. रोज 550 टन ओला कचरा पचवायची त्याची क्षमता. त्यातून रोज सुमारे 17 हजार किलो बायो-सीएनजी आणि 100 टन खत मिळावं, असा हिशेब. हा गॅस शहरातल्या बसगाड्यांना मिळतो.

पण एवढा कचरा पचवतं कोण? डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव! आधी कचरा भरडून त्याचं पिठल्यासारखं सरबरीत मिश्रण करतात आणि हवाबंद टाकीत सोडतात. आत प्राणवायू नाही, ऊब मात्र भरपूर. या मंडळींना नेमकं हेच हवं असतं. एक टोळी साली, भात, पोळी यांचे बारीक तुकडे पाडते, दुसरी त्यांपासून आम्लं बनवते आणि शेवटची टोळी मिथेन वायू सोडते. या शेवटच्या टोळीचे भाऊबंद गाईच्या पोटातही राहतात. म्हणून तर गाईच्या ढेकरेत मिथेन असतो! टाकीतल्या वायूमधला कार्बन डायऑक्साइड काढला, उरलेला मिथेन दाबून भरला, की बायो-सीएनजी तयार.

हाच कचरा उघड्यावर साठला तर? ढिगाच्या पोटातही हवा पोचत नाही. तिथंही मिथेन बनतो आणि थेट वातावरणात पसार होतो. शंभर वर्षांचा विचार केला, तर एक किलो मिथेन साधारण 28 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी पृथ्वी तापवतो. बसमध्ये जाळल्यावर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतोच. पण त्यातला कार्बन पिकांनी नुकताच हवेतून घेतलेला असतो. डिझेलमधला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला. तो तिथंच राहिलेला बरा!

सूक्ष्मजीवांचे नखरेही आहेत हं! प्लास्टिक त्यांना पचत नाही आणि ते यंत्रातही अडकतं. म्हणून इंदूरकर घरातच कचरा वेगळा करून गाडीत देतात.

आता तुमची परीक्षा. चहाचा चोथा, दुधाची पिशवी, शिळा भात, कलिंगडाची साल. यांतलं काय सूक्ष्मजीवांच्या पानात वाढाल आणि काय नाही?