कुडाची भिंत आणि कर्करोगाची पेशी

डहाणू-तलासरीकडच्या शिक्षकांना कुडाचे घर समजावून सांगायला नको. कारवीच्या काठ्या बांधायच्या, त्यांवर माती आणि शेण लिंपायचे, की भिंत तयार. आता विटांची घरे वाढली, तरी पाड्यांवर अशी भिंत अजून पाहायला मिळते. कर्करोग शरीरात पसरतो कसा, हे वर्गात सांगताना ती उपयोगी पडते, कारण जवळजवळ तशीच एक भिंत आपल्या शरीरातही आहे.

गालाची आतली बाजू जिभेने चाचपून पाहा. जो मऊ, ओलसर पृष्ठभाग लागतो तो अस्तर पेशींच्या थरांचा. या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. ही पकड ज्या प्रथिनांमुळे येते त्यांपैकी एक ई-कॅढेरिन. सर्वांत खालच्या पेशी एका अतिशय पातळ पडद्यावर टेकलेल्या असतात. त्याला आपण आधारपटल म्हणू. कोलॅजेन या प्रथिनाची जाळी ही त्यातली कारवी, आणि लॅमिनिनसारखी प्रथिने हे लिंपण. जाडी मात्र वहीच्या कागदाच्या साधारण हजाराव्या भागाइतकी! रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या सगळ्या पटलाच्या पलीकडे. अलीकडच्या पेशींना अन्न आणि प्राणवायू पलीकडून झिरपून मिळतो.

तंबाखू-चुन्याची गोळी गालात धरून ठेवणे, मशेरी लावणे, गुटखा खाणे (महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, हे वाचकांना ठाऊक असेलच!) यांमुळे अस्तर पेशींच्या डीएनएमध्ये वर्षानुवर्षे बिघाड साठत जातात. मग एखादी पेशी बेबंद विभागू लागते. पण तिची पिलावळ पटलाच्या अलीकडे आहे तोवर तिला दूर जायला वाट नाही. तेवढा भाग काढून टाकला की बहुधा काम भागते. खरी गोष्ट सुरू होते ती भिंत फुटल्यावर.

ती फुटते कशी? काही पेशींतील ई-कॅढेरिन कमी होते आणि शेजारणींची पकड सुटते. सुटी झालेली पेशी खालच्या बाजूला पायासारखे बारीक फुगवटे काढते. त्या फुगवट्यांच्या टोकांशी मेटॅलोप्रोटिनेज नावाची विकरे असतात. त्यांच्या रेणूत जस्ताचा अणू असतो आणि ती कोलॅजेनची जाळी तोडतात. वाळवी काही अख्खी भिंत पाडत नाही, आपल्यापुरती वाट करते. इथेही तसेच घडते.

या विकरांचा शोध मात्र कर्करोगात लागला नाही. पावसाळ्यात डबक्यांत बेडूकमासे दिसतात. त्यांचा बेडूक होताना शेपूट झिजून नाहीशी होते. ती जाते कुठे? १९६२ साली अमेरिकेत जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी बेडूकमाशाच्या शेपटीचे तुकडे कोलॅजेनच्या जेलीवर ठेवले, तेव्हा तुकड्यांभोवतीची जेली विरघळली. म्हणजे कोलॅजेन तोडणारे विकर शेपटीतच तयार होत होते.

याच धर्तीचा एक प्रयोग शाळेत करता येईल. रसायनात धुऊन तयार केलेली जुनी एक्स-रे फिल्म मिळवा. हल्ली संगणकावरून छापून देतात ती नको. फिल्मवरचा काळा थर जिलेटिनमध्ये बसवलेल्या चांदीच्या कणांचा असतो, आणि जिलेटिन म्हणजे उकळलेले कोलॅजेन. काळ्या भागावर एका जागी कच्च्या पपईचा चीक थोड्या पाण्यात कालवून त्याचा थेंब ठेवा, दुसऱ्या जागी नुसत्या पाण्याचा. अर्ध्या तासाने फिल्म पाण्याखाली धरून हलके चोळा. चिकाच्या जागी आरपार दिसणारा डाग पडला पाहिजे. नाही पडला तर चीक अधिक ताजा घ्या. मात्र चीक शिक्षकांनीच हाताळावा, डोळ्यांत जाऊ देऊ नये. पपईतले विकर वेगळ्या कुळातले आहे, हेही मुलांना सांगावे.

मग ही विकरेच बंद पाडली तर? विसाव्या शतकाच्या शेवटी मॅरिमास्टॅटसारखी औषधे नेमकी त्यासाठी रुग्णांवर तपासली गेली, आणि अपेक्षाभंग झाला. जखम भरणे, हाडांची डागडुजी अशी रोजची कामे करायला शरीराला हीच विकरे लागतात. औषधाने सांधे आखडू लागले. शिवाय विकरे अडवली, तर काही पेशी आकार बदलून जाळीच्या फटींतून अंग चोरून निघतात. आमच्या मते या अपयशाने यशापेक्षा जास्त शिकवले.

पटल ओलांडलेल्या पेशीला पुढे लसिकावाहिन्या भेटतात. बारीक लसिकावाहिन्यांच्या भिंती फार सैल असतात, त्यांना अखंड आधारपटल नसते. म्हणून तोंडातला कर्करोग बहुधा आधी मानेतल्या लसिका गाठींत उतरतो. गाठ हाताला लागत नसताना मानेची शस्त्रक्रिया करावी का, यावर शल्यविशारदांत जुना वाद होता. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात २००४ ते २०१४ या काळात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. तोंडातला कर्करोग लवकरच्या टप्प्यात असलेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटात मानेतल्या गाठी तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच काढल्या, दुसऱ्यात रोग मानेत दिसल्यावर. २०१५ मध्ये पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष आले. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. पहिल्या गटात दहांपैकी सुमारे तिघांच्या मानेत पेशी आधीच पोचलेल्या निघाल्या. गाठ तीन मिलिमीटरपर्यंतच खोल होती तिथे हे क्वचित घडले होते. त्यापुढे प्रमाण झपाट्याने वाढत गेले. आज रोगाचा टप्पा ठरवताना गाठीच्या रुंदीबरोबर खोलीही मोजतात, ती याच कारणाने.

तलासरीहून परळ लांब आहे, दिवसाचा रोज बुडतो, म्हणून दुखत नसलेला चट्टा दाखवायला कोणी निघत नाही. पण दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयातही दाखवता येतो. सुपारी-गुटखा खाणाऱ्यांचे तोंड कधी कधी पुरते उघडत नाही. आपलीच तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जात नाहीत. तिथे अस्तराखाली कोलॅजेन वाजवीपेक्षा जास्त साठलेले असते. मग भिंत अधिक भक्कम झाली ना, असे एखादा हुशार विद्यार्थी विचारील. तसे नाही. जाड होतो तो पटलाखालचा भाग, पटल नव्हे. आणि अशा तोंडात कर्करोग होण्याचा धोका उलट वाढतो.