खळ्यावरचा उजेड : वॅट पाहावेत की ल्युमेन?

सुगीच्या दिवसांत मळणी अनेकदा रात्रीवर जाते. यंत्राच्या तोंडाशी पेंढ्या सारणाऱ्याला नीट दिसावे म्हणून खांबावर दिवा चढतो. अंधुक उजेडात हात किती पुढे गेला हे कळत नाही आणि क्षणात जन्माचे अपंगत्व येते. म्हणून दिवा घेताना किमतीआधी उजेडाची चौकशी करावी.

“आपला हॅलोजन ५०० वॅटचा. दुकानदार १०० वॅटचा एलईडी दाखवतो. पाचवा हिस्सा दिवा खळ्याला पुरेल का?” ही शंका घरोघरी निघते. शंका रास्त आहे. पण वॅट म्हणजे उजेड नव्हे. दिवा किती वीज खातो, ते वॅट सांगतात. उजेडाचे माप ल्युमेन. जास्त वैरण खाणारा बैल जास्त ओढतोच असे नाही, तसेच हे आहे.

५०० वॅटचा हॅलोजन सुमारे ९,००० ल्युमेन उजेड देतो. त्याची बहुतेक वीज उष्णतेत जाते. चांगला एलईडी एका वॅटला १०० ल्युमेनच्या आसपास देतो. म्हणजे ९० ते १०० वॅटमध्ये तेवढाच उजेड. रोज आठ तास, दहा रात्री दिवा जळला, तर हॅलोजनला ४० युनिट लागतात, १०० वॅटच्या एलईडीला ८.

आपल्याकडे दाब कमी असतो, हेही लक्षात घ्यावे. २३० व्होल्टऐवजी २०७ आले, तर हॅलोजनचा उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. चांगल्या एलईडीत फारसा फरक पडत नाही. शिवाय हॅलोजनची काच भयंकर तापते. कडब्याच्या गंजीजवळ तो कधीही लावू नये.

मात्र खोक्यावर नुसते ‘१०० वॅट’ वाचून पैसे मोजू नका. ल्युमेनचा आकडा छापलेला आहे का, हमी किती वर्षांची आहे, हे पाहा. दिवा पांढरा व डोळ्यांवर येणारा असला म्हणजे जमिनीवर उजेड जास्त पडतोच असे नाही. दोन्ही दिवे आळीपाळीने एकाच उंचीवर लावा आणि खळ्याच्या कडेला खताच्या पिशवीवरची बारीक अक्षरे वाचून पाहा. ज्या दिव्यात ती सहज वाचता येतील, तो खरा. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई उरतो, हेही ध्यानात ठेवा.

आणखी एक. एकच मोठा दिवा लावण्यापेक्षा दोन लहान दिवे दोन बाजूंना लावावेत. मग माणसाची स्वतःचीच सावली यंत्राच्या तोंडावर पडत नाही. दिव्याच्या धातूच्या पेटीला अर्थिंग जरूर करून घ्यावे. दिव्याचे पैसे विजेच्या बिलातून हळूहळू वसूल होतील. गेलेला हात मात्र परत येत नाही.