वाळवंटातली शाळा : दवाखाना लांब असताना जीव कसा सांभाळावा?

मार्च संपत आला की सोलापुरात दुपारचे रस्ते ओस पडायला लागतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, कधी त्याच्याही वर. शाळेत आम्ही मुलांना सांगतो, उन्हात फिरू नका, पाणी प्या, डोकं झाका. पण घरातलं कुणी उन्हानं कोसळलंच तर पहिल्या अर्ध्या तासात नेमकं काय करायचं, हे बहुतेक घरांत कुणालाच ठाऊक नसतं. धावपळ होते, रिक्षा शोधली जाते, कुणी कांदा हुंगवतो, कुणी तोंडात पाणी ओततो. आणि तो मोलाचा अर्धा तास निघून जातो.

हे शिकवणारा एक प्रकार आता तरुणांच्या बोलण्यात येऊ लागला आहे, तो म्हणजे वाळवंटातला मार्गदर्शित ट्रेक. जाणत्या मार्गदर्शकांबरोबर चार-सहा दिवस वाळवंटात पायी चालायचं आणि चालता चालता दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, दवाखाना लांब असताना करायचे उपचार. दुसरी, पाणी, ऊन, थंडी आणि दिशा यांचा हिशेब ठेवून तग धरणं. पालक आम्हाला विचारतात, "सर, हे खूळ आहे की खरंच काही कामाचं आहे? मुलीला पाठवावं का? नमाजचं, जेवणाचं काय?" या प्रश्नांची उत्तरं एका जागी मिळावीत म्हणून हा लेख.

हे कुठे शिकायला मिळतं?

मोरोक्को, जॉर्डन, नामिबिया अशा देशांत डॉक्टर-नर्स मंडळींसाठी वाळवंटातले खास वैद्यकीय अभ्यासक्रम होतात. ते महाग असतात आणि आपल्या मुलांसाठी नसतातही. आपल्याकडे या दोन गोष्टी बहुधा वेगवेगळ्या शिकाव्या लागतात. चालण्याचा अनुभव थरच्या वाळवंटात मिळतो. यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया ही जुनी संस्था हिवाळ्यात जैसलमेर भागात असे ट्रेक घेत आली आहे. रानावनातल्या प्रथमोपचारांचं शिक्षण मसुरीच्या वुडस्टॉक स्कूलच्या हनिफल सेंटरसारख्या ठिकाणी मिळतं. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून काम करते आहे, तिथे शोध आणि बचावाचाही अभ्यासक्रम आहे.

राजस्थानचं वाळवंट आपल्याला वाटतं तेवढं परकं नाही. आपल्या नान्नजच्या माळरानावरचा माळढोक हाच तिकडे जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कात राहतो आणि तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. कमी पाऊस, उघडा माळ, लांबलांबची वस्ती यांची आपल्याला सवय आहे.

लांबचा इलाज म्हणजे काय?

शहरातला प्रथमोपचार असं धरून चालतो की दहा-पंधरा मिनिटांत अ‍ॅम्ब्युलन्स येईल. रानातला प्रथमोपचार धरून चालतो की मदत यायला काही तास लागतील, कधी अख्खी रात्रही. त्यामुळे शिकवण्याचा क्रम बदलतो. आधी जागा सुरक्षित आहे का ते पाहायचं. मग श्वास चालू आहे का, रक्त वाहतंय का, हे तपासायचं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड थेट जखमेवर ठेवून दहा मिनिटं जोरात दाबून धरायचं, मध्येच उचलून बघायचं नाही. बेशुद्ध पण श्वास घेणाऱ्या माणसाला कुशीवर वळवायचं. मग डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं, आणि वेळ, नाडी, श्वास कागदावर लिहून ठेवायचं. शेवटी ठरवायचं की याला हलवायचं की मदत इथे बोलवायची. दोन मजबूत काठ्या आणि एका सोलापुरी चादरीचं स्ट्रेचर कसं करायचं, हेही तिथे हातानं करून पाहावं लागतं.

ही विद्या आपल्या परंपरेत नवी नाही. इ. स. ९२५ च्या सुमारास वारलेल्या अबू बक्र अल-राझी या हकिमांनी 'मन ला यहजुरुहुत्तबीब' नावाचा ग्रंथ लिहिला. अर्थ सरळ आहे : ज्याच्याजवळ तबीब हजर नाही त्याच्यासाठी. कैरवानच्या इब्न अल-जज्जार यांच्या ग्रंथाचं नाव तर 'जादुल मुसाफिर', म्हणजे प्रवाशाची शिदोरी.

आणि आपल्या सोलापूरचं काय? डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथेच १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मले. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. डोंगराळ मुलखात, युद्धाच्या धामधुमीत, अपुऱ्या साधनांनी त्यांनी जखमी सैनिकांवर उपचार केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच त्यांचा अंत झाला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. भैय्या चौकातलं त्यांचं घर आज स्मारक आहे. मुलांना एकदा तिथे घेऊन जा.

उष्माघात : आधी थंड करा, मग हलवा

या प्रशिक्षणातला आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा धडा हाच. ऊन लागण्याच्या पायऱ्या असतात. आधी पोटऱ्यांत गोळे येतात. मग थकवा, डोकेदुखी, मळमळ, भरपूर घाम. अशा माणसाला सावलीत झोपवून, कपडे सैल करून, घोट घोट मीठ-साखरेचं पाणी दिलं की बहुतेक वेळा तो सावरतो. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, झटके आले किंवा बेशुद्ध झाला, आणि अंग तापलेलं असेल, तर तो उष्माघात. अंगाचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं. अंग कोरडंच असेल असं नाही. कष्टाचं काम करताना कोसळलेल्याला घामही असू शकतो.

अशा वेळी १०८ ला फोन लावा आणि त्याच क्षणी थंड करायला लागा. टाकी, हौद किंवा मोठं टोपलं असेल तर डोकं वर धरून अंग गार पाण्यात बुडवा. नसेल तर अंगभर पाणी ओता आणि पंख्यानं, पुठ्ठ्यानं, ओढणीनं वारा घाला. मान, काखा आणि जांघा इथे ओले फडके किंवा बर्फ ठेवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही, कारण हा ताप जंतूंमुळे आलेला नसतो. तापमान अर्ध्या तासात खाली आलं तर मेंदू, मूत्रपिंड आणि जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते.

हे प्रश्न वाळवंटापुरते नाहीत. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावरच्या सरकारी कार्यक्रमात उन्हामुळे १४ जणांचे प्राण गेले. २०२४ च्या हजमध्ये मक्केत १७ जूनला ५१.८ अंश तापमान नोंदवलं गेलं. सौदी सरकारनं १,३०१ मृत्यू झाल्याचं सांगितलं. त्यांतले ८३ टक्के लोक परवान्याशिवाय आलेले होते, म्हणजे ज्यांना तंबू आणि बसची सोय नव्हती आणि जे उन्हात लांब चालले. आपल्या घरातले नाना-नानी, अम्मी-अब्बा हजला-उमराहला जातात, तेव्हा बरोबर उष्माघात ओळखणारं एक माणूस असणं किती मोलाचं आहे, हे वेगळं सांगायला नको.

पाण्याचा हिशेब

चित्रपटात माणूस बाटलीतला शेवटचा घोट राखून ठेवतो. प्रशिक्षक नेमकं उलटं सांगतात. पाणी असेल तर प्या, काटकसर घामाची करा. म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी चाला, भर दुपारी सावलीत पडून राहा. निवडुंगाचं पाणी पिऊन जगणं ही ऐकीव गोष्ट आहे, त्यानं उलट्या होऊन असलेलं पाणीही जातं. नुसतं साधं पाणी लिटरभर लिटरभर पीत राहणंही घातक ठरू शकतं, कारण रक्तातलं मीठ पातळ होतं. बरोबर काही खारट खाणं हवं.

घरच्या घरी करायचं प्रमाण पाठ करून ठेवा : एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. लांबचा इलाज म्हणतात तो हाच.

विंचू, साप, कपडे आणि दिशा

विंचवाच्या बाबतीत महाराष्ट्रानं जगाला शिकवलं आहे. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचा हृदयावर होणारा परिणाम अभ्यासला आणि रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपण लक्षात ठेवायचं ते एवढंच : दंशानंतर घाम, उलटी, हातपाय गार पडणं दिसलं तर उतारा-मंत्र नको, थेट दवाखाना.

साप चावला तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा, चावलेला भाग हलू देऊ नका, माणसाला चालवू नका आणि सापाची लस मिळेल अशा दवाखान्यात न्या. साप पकडून नेण्याची गरज नाही.

कपड्यांबद्दल पालकांना काळजी असते. खरं तर पूर्ण बाह्यांचे ढगळ कपडे आणि डोकं-मान झाकणारी ओढणी हाच वाळवंटातला शहाणपणाचा पोशाख आहे. बदाऊन लोक काळे झगे का घालतात, यावर १९८० मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत अभ्यास छापून आला. झगा काळा असो की पांढरा, अंगापर्यंत पोहोचणारी उष्णता सारखीच निघाली. ढगळ कपड्याच्या आत हवा खेळती राहते, महत्त्व त्याचं. रात्री मात्र थरमध्ये हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते, म्हणून लोकरीचे कपडे हवेतच.

दिशेसाठी एक काठी पुरते. काठी उभी रोवा, सावलीच्या टोकावर खडा ठेवा, वीस मिनिटांनी नव्या टोकावर दुसरा. पहिला खडा पश्चिम, दुसरा पूर्व. किब्ल्याचा अंदाजही यावरून येतो.

नमाज, जेवण आणि मुली

प्रवासात कसरची आणि पाणी पिण्यापुरतंच असेल तर तयम्मुमची सवलत आपल्या दीनमध्ये आहेच. तपशील निघण्याआधी आपल्या मौलानांना विचारून घ्या. जेवणाबद्दल आयोजकांना स्पष्ट विचारा. शाकाहारी जेवण असेल तर प्रश्नच मिटतो. तारखा रमजानमध्ये येत नाहीत ना, ते पाहा. मुलींसाठी वेगळा तंबू, महिला प्रशिक्षक आणि शक्यतो दोन-तीन मैत्रिणी किंवा बहिणी एकत्र, एवढं पाहिलं की पुरे. मुलीला घरी ठेवून हा प्रश्न सुटत नाही. घरातल्या आजाऱ्याजवळ सगळ्यात जास्त वेळ तीच असते.

पैसे भरण्याआधी हे विचारा

- प्रशिक्षकाकडे प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आहे का, आणि त्याची मुदत संपलेली नाही ना?
- किती मुलांमागे एक प्रशिक्षक?
- रोजच्या मुक्कामापासून सगळ्यात जवळचा दवाखाना किती तासांवर? तिथवर कशानं नेणार?
- संपर्काचं साधन काय? आपल्या देशात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे, म्हणून "सॅटेलाइट फोन आहे" एवढं उत्तर पुरेसं समजू नका. परवाना विचारा.
- जैसलमेर हा सीमेवरचा जिल्हा आहे. कुठे जायला परवानगी लागते? मूळ ओळखपत्र प्रत्येकाजवळ हवंच.
- विमा आहे का? दमा, फिट, मधुमेह असेल तर काय करता?
- शिकवणं किती तास आणि नुसतं चालणं, उंटावर बसणं किती तास?

शेवटच्या प्रश्नावर आयोजक गडबडला तर ती सहल आहे, प्रशिक्षण नाही. सहलही चांगली, पण फी कशाची भरतोय ते कळलं पाहिजे. महाराष्ट्रात ट्रेक घेणाऱ्यांसाठी २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे, त्यात नोंदणीची अट आहे. राजस्थानात जाताना ही चौकशी आपल्यालाच करावी लागते. आणि एक लक्षात असू द्या, हे शिकून कुणी डॉक्टर होत नाही. डॉक्टरच्या हाती सोपवेपर्यंत माणूस जिवंत ठेवणं, एवढीच ही विद्या आहे.

सुरुवात इथूनच

सगळ्यांना राजस्थान परवडणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर काम करणाऱ्या घरांत आधी शाळेची फी निघते, मग बाकी सगळं. म्हणून आमची सूचना अशी : प्रत्येक मोहल्ल्यानं, जमात कमिटीनं किंवा बचत गटानं एक मुलगा आणि एक मुलगी निवडावी. आधी त्यांना रेड क्रॉस किंवा सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचा साधा प्रथमोपचार वर्ग करू द्यावा. ज्यांना त्यात गोडी लागेल त्यांच्या हिवाळी ट्रेकचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलावा. अट एकच, परत आल्यावर मार्च महिन्यात त्यांनी मोहल्ल्यातल्या बायका-पुरुषांना दोन तास शिकवायचं : उष्माघात, मीठ-साखरेचं पाणी, रक्तस्राव आणि साप-विंचू.

शाळेच्या हॉलसाठी मुख्याध्यापकांना विचारा. फळा आणि खडू आम्ही देऊ.