फळी सर्वांत शेवटी

१९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण नॅशव्हिलमध्ये चालू असताना कन्सोलचा एक चॅनल बिघडला. ग्रेडी मार्टिन यांचा सहा तारांचा बेस नेमका त्याच चॅनलमधून जात होता. त्याचा आवाज फाटून, गुरगुरत बाहेर आला. तो तसाच ठेवला गेला आणि लोकांना आवडलाही. मग ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच फाटका आवाज हुकमी काढून देणारं ट्रान्झिस्टरचं सर्किट बनवलं. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणलं. पायाने दाबायची ती डबी १९६५ मध्ये कीथ रिचर्ड्स यांनी रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’साठी वापरली, आणि त्यानंतर गिटारवादकाचे पाय रिकामे राहिले नाहीत.

सुरुवातीला अशी पेडल मांडायला बोर्डाची, म्हणजे फळीची, गरजच नव्हती. १९६९ च्या वुडस्टॉकमध्ये जिमी हेंड्रिक्स यांच्या पायाशी वाह, फझ फेस आणि युनि-व्हाइब अशी मोजकी पेडल होती. पण सत्तरच्या दशकात फेझर, कोरस, एको अशी भर पडत गेली आणि मंचावर वायरींचं जाळं झालं. इंग्लंडमध्ये पीट कॉर्निश यांनी पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोर यांच्यासाठी सगळी सर्किटं एकाच मोठ्या पेटीत, आतून कायमची जोडून बसवली. अमेरिकेत बॉब ब्रॅडशॉ यांनी इफेक्ट रॅकमध्ये हलवले आणि वादकासमोर फक्त स्विच ठेवले. हे झालं मोठ्या दौऱ्यांवरच्या मंडळींचं. सामान्य वादकाची सोय जपानच्या बॉसने केली. १९७७ पासून त्यांची छोटी पेडल एकाच मापाच्या धातूच्या डबीत येऊ लागली, आणि माप ठरलं की त्यासाठी पेटी बनवणं सोपं होतं. सहा पेडल मावणारी त्यांची ‘बीसीबी-६’ ही पेटी अनेकांचा पहिला बोर्ड ठरली. आज सगळीकडे दिसते ती ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची तिरकी चौकट: वर पेडल, पट्ट्यांच्या फटींतून खाली जाणाऱ्या वायरी आणि पोटाखाली पॉवर सप्लाय.

ही चौकट देखणी असते, म्हणून नवा वादक आधी तीच घेतो. पेडल नंतर येतात आणि वीज कशी पुरवायची हा विचार सगळ्यांत शेवटी, उरलेल्या पैशांत होतो. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. आपण कोणती गाणी वाजवतो, त्यांना कोणती पेडल खरोखर लागतात, ती कोणत्या क्रमाने जोडायची, त्यांना किती वीज लागते, आणि हे सगळं ठरल्यावर फळी.

क्रमाची एक गंमत नवख्याला आधी गोंधळात टाकते. बहुतेक पेडलांचं इनपुट उजव्या अंगाला आणि आउटपुट डाव्या अंगाला असतं, त्यामुळे बोर्डावरचा सिग्नल उर्दू लिपीसारखा उजवीकडून डावीकडे वाचावा लागतो. गिटारची वायर उजव्या टोकाला शिरते. तिथे ट्यूनर, वाह, कॉम्प्रेसर, मग ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन, त्यानंतर कोरस-फेझर, शेवटी डिले आणि रिव्हर्ब. यामागे साधं कारण आहे. डिले डिस्टॉर्शनच्या आधी लावला तर मूळ सूर आणि त्याचे पडसाद एकत्रच फाटतात आणि सगळा चिखल होतो. डिस्टॉर्शननंतर लावला तर फाटलेला सूर स्वच्छपणे पुन्हा पुन्हा ऐकू येतो. हा नियम मोडणारेही थोर आहेत. एडी व्हॅन हॅलन यांचा फेज ९० हा फेझर अँपच्या आधी असे, आणि फाटणारा आवाज येई तो अँपमधून. म्हणून पेडल चिकटवण्यापूर्वी जमिनीवर क्रम बदलून बदलून वाजवून पाहावं. त्यात एक रविवार गेला तरी हरकत नाही.

वायरीची लांबी हा याच्याशी जोडलेला प्रश्न. गिटारच्या वायरीत दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. गिटारपासून बोर्डापर्यंत सहा मीटर आणि तिथून अँपपर्यंत सहा मीटर म्हटलं की हजार-बाराशे पिकोफॅरड झाले. साध्या पिकअपचा सिग्नल नाजूक असतो. एवढ्या ओझ्याखाली त्याची वरची चमक जाते. ‘ट्रू बायपास’ पेडल बंद असताना नुसत्या वायरीसारखं वागतं, त्यामुळे सगळी पेडल तशीच घेतली तर हे ओझं कमी होत नाही. साखळीत एक चांगला बफर, म्हणजे नाजूक सिग्नलला बळ देणारं सर्किट, हवा. बॉसच्या छोट्या पेडलांमध्ये तो असतोच, म्हणून त्यांचा ट्यूनर सुरुवातीला ठेवला की काम भागतं. अपवाद जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या जुन्या धाटणीच्या फझचा. त्याला गिटारचा सिग्नल थेट लागतो. बफरनंतर लावला तर तो कर्कश होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम उतरवून आवाज साफ करण्याची त्याची खासियत जाते. म्हणून फझ सर्वांत आधी, बफर त्याच्या मागे. जर्मेनियम उष्णतेलाही हळवं असतं. मे महिन्यात उघड्या मैदानावर फझ वेगळा वाजला तर पेडल बिघडलं असं लगेच समजू नये.

आता वीज. बोर्डाचा जीव इथे आहे, आणि सर्वांत जास्त हेळसांडही इथेच होते. पेडल नऊ व्होल्टवर चालतात कारण सुरुवातीची बरीच सर्किटं ट्रान्झिस्टर रेडिओच्या चौकोनी बॅटरीवर चालायची. पुढे अडॅप्टर आले तेही त्याच व्होल्टेजचे. अडॅप्टरच्या पिनेत मध्यभागी ऋण आणि बाहेर धन, ही आता बहुतेकांची रीत आहे, पण सगळ्यांची नाही. काही पेडलांना १२ किंवा १८ व्होल्ट लागतात, आणि लाइन ६ च्या मूळ हिरव्या डीएल४ डिलेला तर नऊ व्होल्ट एसी लागत असे. म्हणून प्रत्येक पेडलावरची खूण वाचल्याशिवाय पिन लावू नये. व्होल्टेज चुकलं तर पेडल जळू शकतं. करंटचं तसं नाही. सप्लाय ५०० मिलिअँपिअर देऊ शकत असला तरी पेडल आपल्याला हवा तेवढाच घेतं. कमी पडला मात्र, तर अडचण येते.

बेरीज करून पाहा. ओव्हरड्राइव्हला दहा मिलिअँपिअरच्या आसपास पुरतात. ट्यूनरला तीसेक, डिजिटल डिलेला सत्तरच्या घरात, आणि मोठ्या डिजिटल रिव्हर्बला एकट्याला ३०० लागू शकतात. एकूण बेरीज सप्लायच्या क्षमतेत बसली तरी तेवढ्यावर थांबू नका. प्रत्येक आउटपुटची मर्यादा वेगळी छापलेली असते. १०० मिलिअँपिअरच्या आउटपुटवर तो रिव्हर्ब चालूच होणार नाही किंवा मध्येच बंद पडेल.

स्वस्त उपाय म्हणजे एका अडॅप्टरवरून सगळ्यांना वीज देणारी शेपटी, जिला डेझी चेन म्हणतात. दोन-तीन ॲनालॉग पेडलांना ती चालते. त्यात डिजिटल डिले आला की त्याच्या आतल्या घड्याळाची बारीक शिट्टी डिस्टॉर्शनमधून मोठी होऊन ऐकू येते, आणि ग्राउंडच्या एकाहून अधिक वाटा झाल्यामुळे घूं घूं सुरू होते. जुन्या घडणीच्या काही फझमध्ये धन बाजू ग्राउंडला जोडलेली असते. तो फझ इतरांबरोबर त्याच शेपटीवर लावला तर सरळ शॉर्ट होतं. या सगळ्यांवर उपाय एकच, आयसोलेटेड सप्लाय. यात प्रत्येक आउटपुट इतरांपासून विजेच्या दृष्टीने वेगळं असतं. तो महाग असतो, पण बोर्डावरचा सर्वांत मोठा खर्च यावरच व्हावा असं मी ठामपणे म्हणेन. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मागवणार असाल तर त्यावर १०० ते २४० व्होल्ट असं छापलंय का ते आधी विचारा. ट्रान्सफॉर्मरचे काही सप्लाय फक्त तिथल्या १२० व्होल्टचे असतात, ते आपल्या २३० वर जळतील.

इथे एक गोष्ट काकुळतीने सांगायची आहे. घूं घूं थांबवण्यासाठी अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला गणपतीच्या मांडवात, गॅदरिंगला कोणी ना कोणी देतोच. आवाज खरंच कमी होतो, आणि जीव धोक्यात येतो. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज बँडचे गिटारवादक लेस हार्वे यांचा अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मंचावरच मृत्यू झाला. अँप आणि पेडलबोर्डची वीज एकाच अर्थिंग असलेल्या एक्स्टेंशन बोर्डावरून घ्या. घूं घूं राहिलीच तर ती सहन करा.

आता फळी. बॉसचं पेडल ७.३ सेंटीमीटर रुंद असतं. दोघांच्या मध्ये चपट्या जॅकच्या पॅच केबलला दोन सेंटीमीटर धरले तर ६० सेंटीमीटरच्या रांगेत सहा मावतात, सातवं नाही. जॅक वरच्या कडेला असलेली पेडल एकमेकांना खेटून बसतात. वाह पेडलला सुमारे २५ बाय १० सेंटीमीटर जागा लागते. एवढ्या एका कारणासाठी बोर्ड मोठा घेण्यापेक्षा वाह शेजारी जमिनीवर ठेवलेला बरा. रद्दीच्या कागदावर पेडल प्रत्यक्ष मांडा, कडेने पेन्सिल फिरवा. जे माप येईल तो तुमचा बोर्ड.

तो विकत घेण्याची सक्ती नाही. परदेशात आयकियाचं ‘गोर्म’ हे लाकडी फळ्यांचं साधं शेल्फ कित्येकांनी कापून बोर्ड म्हणून वापरलं. आपल्याकडे चांगला सुतार जवळ असतो. बारा मिलिमीटरचं पाण्याला टिकणारं प्लाय, ६० बाय ३० सेंटीमीटर, मध्ये वायरींसाठी लांब फट, पुढची कड तीन सेंटीमीटर आणि मागची आठ सेंटीमीटर उंच, म्हणजे सप्लाय मागे खाली बसतो. वर गुळगुळीत सनमायका, कारण वेल्क्रो खरखरीत लाकडावर टिकत नाही. ही फळी दोन किलोंच्या आतबाहेर होते. विमानाने जाणार असाल तर हातातल्या सामानाची सात किलोंची मर्यादा मात्र लक्षात ठेवा.

कोकणपट्टीवर पावसाळ्यात जॅक काळे पडतात आणि खरखर सुरू होते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरतं. पेडलात बॅटरी असेल तर वाजवून झाल्यावर इनपुटची वायर काढा, कारण वायर खोचली की बॅटरी चालू होते, पेडल बंद असलं तरी. आवाज गेला तर दोष बहुधा पॅच केबलचा असतो. साखळी मधोमध तोडून कोणत्या अर्ध्या भागात दोष आहे ते पाहत गेलं की दोन-तीन फेऱ्यांत तो सापडतो.

ऑर्केस्ट्रात एका संध्याकाळी चाळीस गाण्यांचे चाळीस आवाज काढावे लागत असतील, तर हा सगळा खटाटोप सोडून चांगला मल्टिइफेक्ट घ्या. लाइन ६ च्या हेलिक्सपासून, म्हणजे २०१५ पासून, ती यंत्रं फार सुधारली आहेत. स्वतःचा एक आवाज शोधायचा असेल तर चार पेडल आणि एक आयसोलेटेड सप्लाय घ्या. सप्लाय नवा घ्या. फळी जुनी, खरचटलेली मिळाली तरी बिनदिक्कत घ्या.