मोटारीचा विमा : काटकसर कोठे करावी?

विम्याच्या नूतनीकरणाचा कागद घरी आला की बहुतेक गृहस्थ शेवटचा आकडा तेवढा पाहतात आणि एजंटाला विचारतात, "यंदा किती कमी करता?" वास्तविक त्या एका आकड्यात दोन अगदी निराळे हप्ते असतात : एक तिऱ्हाइतासाठी, दुसरा आपल्या गाडीसाठी.

तिऱ्हाइताचा, म्हणजे 'थर्ड पार्टी' विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केला आहे. त्याचे दर सरकार ठरविते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १,००० सी.सी.पर्यंतच्या खाजगी मोटारीस वर्षाला २,०९४ रुपये व त्यावर १,५०० सी.सी.पर्यंत ३,४१६ रुपये धरले होते. कोणत्याही कंपनीत जा, आकडा तोच, घासाघीस व्यर्थ. आणि हा विमाच चुकवू असे कोणी म्हणत असेल, तर पाळी संपवून रस्त्याच्या कडेने घरी निघालेल्या मजुराचा त्याने विचार करावा. विमा नसलेल्या गाडीने त्याला उडविले, तर न्यायाधिकरणाचा हुकूम बायकामुलांच्या हाती पडतो. पैसा मात्र मालकापाशी असेल तरच. अशा घरांत आम्ही जाऊन बसलो आहोत.

काटकसरीला वाव आहे तो स्वतःच्या गाडीच्या हप्त्यात. येथे दर कंपनीगणिक बदलतात, म्हणून दोनतीन ठिकाणी चौकशी करावीच. पण खरी बचत 'नो क्लेम बोनस'ची. बोनस म्हटले की आम्हांला संप आठवतो. हा बोनस मात्र गप्प बसणाऱ्याला मिळतो! भरपाई न मागता पहिले वर्ष गेले की या हप्त्यात २० टक्के सूट, पुढे २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्के.

समजा, हा हप्ता ८,००० रुपयांचा आहे आणि सूट ५० टक्क्यांवर पोचली आहे. प्लॅस्टिकचा बंपर फुटला, नवा ४,००० रुपयांना. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकवर निम्मी घट कापतात. लहान गाडीला आणखी १,००० रुपये मालकाने सोसायचे. हाती आले १,०००. आता बोनस शून्यावर आला. तो पुन्हा निम्म्यावर चढेपर्यंतच्या पाच नूतनीकरणांत, हप्ता तेवढाच धरला तरी, ४,०००, २,४००, २,०००, १,२०० आणि ४०० असे एकूण १०,००० रुपये जादा जातात! बंपर पदरचा घालावा हे बरे. मात्र भरपाई घेऊन 'घेतली नाही' असे लिहून देऊ नये; ते उघडकीस आले म्हणजे ऐन मोठ्या अपघातात आपल्या गाडीची भरपाई बुडते.

गाडीची विमा-किंमत कमी लिहवून हप्ता उतरविणारेही असतात. गाडी चोरीस गेली म्हणजे तीच कमी किंमत हाती येते. त्यापेक्षा दोन गाड्या असणाऱ्याने मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा दोनदा घेतला आहे काय, हे पाहावे, एकदा पुरतो.

मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर बोनस जातो. तो गाडीचा नसून मालकाचा असतो. म्हणून गाडी विकताना कंपनीकडून बोनसचे पत्र मागून घ्यावे. तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतली, तर ते चालते.