आज गाडी जाते का?

अहेरीच्या बसस्थानकावर वर्षातले काही दिवस एक प्रश्न हमखास ऐकू यायचा. भामरागडकडे निघालेली एखादी बाई चौकशीच्या खिडकीशी जाऊन विचारायची, "भाऊ, आज जाते का हो गाडी?" आतून उत्तर यायचे, "ताडगावपर्यंत जाते बाई, समोरचं काही सांगता येत नाही." हे दिवस म्हणजे २८ जुलै ते ३ ऑगस्ट आणि २ ते ८ डिसेंबर. पहिला आठवडा नक्षलवादी चळवळीचे नेते चारू मुजुमदार यांच्या १९७२ मधील मृत्यूच्या दिवसापासून सुरू होतो, तर दुसरा २००० साली स्थापन झालेल्या नक्षलवाद्यांच्या सशस्त्र दलाच्या वर्धापनदिनापासून. या दिवसांत बंदची पत्रके लागत, रस्त्यावर झाडे आडवी टाकली जात आणि आतल्या गावांकडे जाणाऱ्या एसटीच्या फेऱ्या कमी होत किंवा थांबत.

त्या बाईच्या प्रश्नात आणखी एक प्रश्न असे. आज मी घराबाहेर पडावे की नाही? हिंसेच्या भीतीने बाजार, दवाखाना, शाळा, सोयरिकीचे कार्य असे रोजचे जाणे-येणे बदलावे का? हा प्रश्न केवळ जंगलातला नाही. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले, १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्यात जर्मन बेकरीत स्फोट झाला, तेव्हा शहरातल्या घराघरांत हाच प्रश्न विचारला गेला. पण गडचिरोलीच्या दक्षिण भागातील माणसांनी तो चाळीसहून अधिक वर्षे विचारला आहे. त्यांनी शोधलेले उत्तर समजून घेण्यासारखे आहे.

आधी थोडा इतिहास पाहू. गोदावरी आणि प्राणहिता ओलांडून नक्षलवादी या भागात १९८० च्या सुमारास आले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सिरोंचा भागात पेद्दी शंकर हा त्यांचा कार्यकर्ता पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला. गडचिरोली जिल्हा झाला तो त्यानंतर, २६ ऑगस्ट १९८२ रोजी. म्हणजे हिंसेची सावली या जिल्ह्यावर त्याच्या जन्मापासून होती. २००९ हे वर्ष सर्वांत भीषण ठरले. १ फेब्रुवारीला मरकेगाव येथे १५, २१ मे रोजी हत्तीगोटा येथे १६ आणि ८ ऑक्टोबरला लाहेरी येथे १७, असे तीन घटनांतच ४८ पोलिस मारले गेले. १ मे २०१९ रोजी कुरखेड्याजवळ जांभुळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात पोलिस दलाचे १५ जवान आणि त्यांच्या खासगी वाहनाचा चालक यांचा मृत्यू झाला. पोलिसांच्या नोंदीनुसार या साऱ्या वर्षांत नक्षलवाद्यांनी ठार केलेल्या सामान्य नागरिकांची संख्या पाचशेहून अधिक आहे.

हे आकडे ऐकले की नागपूरचा किंवा पुण्याचा माणूस म्हणतो, "त्या भागात जायलाच नको." त्याची भीती खोटी नाही. पण ती साऱ्या जिल्ह्याला, साऱ्या दिवसांना आणि साऱ्या माणसांना एकच रंग देते. अहेरीच्या माणसाला तसे करून चालत नाही. त्याला उद्या बाजाराला जायचे असते. म्हणून तो भीतीला उलट प्रश्न विचारतो. धोका कोणाला आहे? कुठे आहे? केव्हा आहे?

वर सांगितलेल्या घटना या प्रश्नांनी तपासून पाहा. २००९ च्या तिन्ही घटनांत बळी पडले ते गस्तीवरचे किंवा मोहिमेवरचे पोलिस. जांभुळखेड्याला स्फोट झाला तो पोलिसांना नेणाऱ्या वाहनाखाली. पोलिसांचा खबरी ठरवून ज्या गावकऱ्यांना मारले, त्यांना बहुतेक वेळा रात्री घरातून उठवून नेले. म्हणजे बाजारात न जाण्याने तो धोका टळत नव्हता. रस्त्यावर ट्रक आणि यंत्रे जाळली गेली ती प्रामुख्याने खाणीची आणि रस्त्याच्या कामाची. २३ डिसेंबर २०१६ रोजी सुरजागड येथे लोहखनिज वाहतुकीची ७५ हून अधिक वाहने जाळण्यात आली. ही हिंसा क्रूर होती, पण आंधळी नव्हती. तिला लक्ष्य होते, ठिकाण होते, वेळ होती.

म्हणूनच लोकांनी काही साधे नियम करून घेतले. पोलिसांच्या गाडीत बसायचे नाही. काळी-पिवळीत गणवेशातील माणूस असेल तर पुढच्या गाडीची वाट पाहायची. अंधार पडण्याच्या आत गाव गाठायचे. रस्त्यावर झाड आडवे दिसले तर त्याला हात लावायचा नाही, कारण त्याखाली स्फोटके असू शकतात. सप्ताहात लग्नाची तारीख धरायची नाही. पण अहेरीच्या राजवाड्याचा दसरा आणि मार्कंड्याची महाशिवरात्रीची यात्रा त्या वर्षांतही भरत राहिली. लोकांनी जाणे सोडले नाही. कधी जायचे, कसे जायचे आणि कोणाबरोबर जायचे, एवढे बदलले.

हे उमगायला कठीण का जाते? आपले मन धोका आकड्यांनी मोजत नाही, चित्रांनी मोजते. एका स्फोटाचे छायाचित्र पहिल्या पानावर येते आणि मनात रुतून बसते. रस्त्यावरचे अपघात रोज होतात, म्हणून ते आतल्या पानावर चार ओळींत संपतात. २०२२ या एका वर्षात महाराष्ट्रात रस्ते अपघातांत १५,२२४ माणसे मेली. तरी मोटारसायकलवर हेल्मेटशिवाय तिघे बसून जाताना आपल्याला भीती वाटत नाही.

या चुकीच्या मोजमापाची किंमत किती असते, हे अमेरिकेत दिसून आले. ११ सप्टेंबर २००१ च्या विमानहल्ल्यानंतर तेथील पुष्कळ लोकांनी विमानप्रवास टाळून लांबचे अंतर मोटारीने कापायला सुरुवात केली. जर्मन मानसशास्त्रज्ञ गर्ड गिगेरेन्झर यांनी पुढच्या बारा महिन्यांतील रस्त्यांवरील मृत्यू तपासले. नेहमीपेक्षा सुमारे दीड हजार माणसे जास्त मेली होती. भीतीपोटी निवडलेला मार्गच अधिक धोक्याचा निघाला.

दुसरे उदाहरण इस्रायलचे. २००० नंतरच्या काही वर्षांत तेथे प्रवासी बसमध्ये वारंवार आत्मघाती स्फोट झाले. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे गॅरी बेकर आणि त्यांचे सहकारी योना रुबिनस्टाईन यांनी त्या काळातील बसप्रवासाचा अभ्यास केला. अधूनमधून बसने जाणाऱ्यांनी बस सोडली होती. रोज जाणाऱ्यांनी सोडली नव्हती. धोका दोघांनाही होता. फरक असा की ज्याला रोज जायचे असते, तो भीतीला आवर घालायला शिकतो, कारण न शिकण्याची किंमत त्याला परवडत नाही. पाहुणा एक फेरी रद्द करतो, त्याचे फारसे बिघडत नाही. आलापल्लीहून रोज आत जाणारी परिचारिका किंवा शिक्षक ती फेरी रद्द करू लागला, तर साऱ्या गावाचे बिघडते.

न जाण्याच्या या खर्चाचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. गेल्याने काय होईल, एवढेच आपण विचारतो. गरोदर बाईची तपासणी एका सप्ताहामुळे पुढे ढकलली आणि त्यात रक्तक्षय लक्षात यायचा राहिला, तर तो मृत्यू हिंसाचाराच्या यादीत लिहिला जात नाही. हिवतापाचा ताप अंगावर काढलेले मूल त्या यादीत नसते. सुट्टीत घरी आलेली आणि पुन्हा आश्रमशाळेत न पोहोचलेली मुलगीही नसते. बदली नको म्हणून रजेवर गेलेला डॉक्टर, रिकामे राहिलेले पद, बाजारापर्यंत न पोहोचलेला मोह, हे सारे भीतीच्याच खात्यात जमा व्हायला हवे. आणि हा खर्च ज्याच्याकडे स्वतःचे वाहन नाही, जवळ दवाखाना नाही, त्यालाच अधिक बसतो.

याचा अर्थ भीतीला हसून उडवावे असा नाही. १७ मे २०१० रोजी शेजारच्या छत्तीसगडमध्ये, तेव्हाच्या दंतेवाडा जिल्ह्यात, एक प्रवासी बस भूसुरुंगाने उडवण्यात आली. बसमध्ये विशेष पोलिस अधिकारी होते आणि सामान्य प्रवासीही होते. तिसाहून अधिक माणसे गेली. "गणवेश असेल त्या गाडीत बसू नये" हा नियम भित्रेपणाचा नव्हता, हे अशा घटनांनी दाखवले. तसेच ज्याला प्रत्यक्ष धमकी आली आहे, ज्याचे नाव पत्रकात छापले गेले आहे, त्याला सरासरीचे आकडे ऐकवणे निर्दयपणाचे ठरेल. त्याचा धोका सर्वसाधारण नसतो, त्याचाच असतो. त्याने गाव सोडले तर त्याला दोष देता येणार नाही.

मग आपल्यासारख्या सामान्य माणसाने निर्णय कसा घ्यावा? चार प्रश्न पुरेसे आहेत. एक, हा धोका नेमका कोणाला आहे, आणि मी त्यात येतो का? दोन, तो कोणत्या वाटेवर आणि कोणत्या वेळी आहे? तीन, वेळ, वाट किंवा सोबत बदलून तो कमी होतो का? चार, गेलो नाही तर काय गमावेन, आणि माझ्याऐवजी कोण गमावेल? चौथ्या प्रश्नाचे उत्तर "फार काही नाही" असे आले, तर खुशाल घरी थांबावे. उत्तर "औषध", "परीक्षा" किंवा "मजुरी" असे आले, तर तिसऱ्या प्रश्नाकडे परत जाऊन मार्ग शोधावा.

हे प्रश्न दुसऱ्या भीतीलाही लागू पडतात. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिलांचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तेंदूचा हंगाम सोडणे बहुतेक कुटुंबांना शक्य नसते. पण एकटे न जाणे, पहाटेच्या अंधारात न शिरणे आणि वाघ दिसल्याची बातमी आहे तो भाग टाळणे शक्य असते.

आता शेवटची, पण महत्त्वाची गोष्ट. भीती एकदा तपासून भागत नाही, ती पुन:पुन्हा तपासावी लागते. १ जानेवारी २०२५ रोजी अहेरी ते गर्देवाडा या मार्गावर स्वातंत्र्यानंतर प्रथमच एसटी धावली. त्याच वर्षी जुलैमध्ये भामरागड तालुक्यातील मरकणारहून अहेरीला बस सुरू झाली. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. दहा वर्षांपूर्वीच्या भीतीचे माप घेऊन या रस्त्यांकडे पाहणे आता बरोबर नाही. मात्र पहिली बस धावल्यानंतर अवघ्या महिन्याने, १ फेब्रुवारी २०२५ रोजी, भामरागड तालुक्यात कियर येथे पंचायत समितीच्या माजी सभापतींची नक्षलवाद्यांनी हत्या केली, हेही विसरता येत नाही. धोका कमी होताना सर्वांसाठी सारख्याच वेगाने कमी होत नाही.

आणि जुनी भीती ओसरत असताना नवे धोके डोळ्यांआड होतात. आलापल्ली, एटापल्ली आणि आष्टीच्या रस्त्यांवर खनिजाच्या ट्रकांची वर्दळ वाढली आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि रपट्यावरून पाणी वाहत असताना मोटारसायकल घालण्याचा मोह अनेकांना होतो. या धोक्यांची पत्रके कोणी लावत नाही, त्यांचा सप्ताह नसतो. म्हणून गर्देवाड्याच्या बसमध्ये बसणाऱ्या माणसाने बंदूकधाऱ्यांची चौकशी जरूर करावी. पण पुढच्या नाल्याला पाणी किती आहे आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हेही वाहकाला विचारून घ्यावे.